डोयिन, टिकटॉक, वीचॅट : चिनी अ‍ॅप घरात एक आणि बाहेर दुसरंच का?

कैरीपन्हं

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. "चीन स्वतःच्या मुलांना टिकटॉकवर विज्ञान दाखवतो आणि आपल्या मुलांना नाच. हे युद्धच आहे, जागे व्हा." टिकटॉक आपल्याकडे २९ जून २०२० पासून बंद आहे हे पाठवणाऱ्या मामांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "तेच तर!" यावर काय बोलणार?

मी अ‍ॅप डिझाइनच्या कामात आहे. दोन्हीकडची अ‍ॅप्स शेजारी शेजारी ठेवून बघायची वेळ वरचेवर येते, म्हणून म्हटलं धागाच काढावा. चीनमध्ये राहिलेले, राहणारे इथे बरेच आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाइटडान्स ही बीजिंगची कंपनी, झांग यिमिंग यांनी २०१२ मध्ये काढलेली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी चीनमध्ये डोयिन आणलं आणि वर्षभरानं बाहेरच्या जगासाठी टिकटॉक. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्युझिकली हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप विकत घेतलं, ऑगस्ट २०१८ मध्ये ते टिकटॉकात मिसळून टाकलं, आणि अमेरिकेतली पोरंटोरं आयती हाताशी आली. चिन्ह तेच, अंगठ्यानं वर सरकवणं तेच. पण खाती वेगळी आणि सर्व्हरही वेगळे. डोयिनच्या खात्यानं टिकटॉकात शिरता येत नाही. मुख्य भूमी चीनमध्ये टिकटॉक मिळतच नाही, आणि जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आल्यावर ते हाँगकाँगमधूनही निघालं. म्हणजे चिनी कंपनीचं जगात सगळ्यात गाजलेलं अ‍ॅप चिनी माणसालाच वापरता येत नाही!

आता मामांचा मुद्दा. तो खोटा नाही, अर्धा आहे. सप्टेंबर २०२१ पासून डोयिनवर खऱ्या नावानं नोंदलेल्या, चौदा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ४० मिनिटंच मिळतात, तीही सकाळी ६ ते रात्री १० या वेळात. त्यात विज्ञानाचे प्रयोग, संग्रहालयं, इतिहास असा माल असतो. टिकटॉकनं मार्च २०२३ मध्ये अठराखालच्यांसाठी ६० मिनिटांची मर्यादा जाहीर केली. पण तेरा वर्षांपुढच्या मुलानं पासकोड टाकला की पुढे चालू.

इतपत खरं. फॉरवर्डमध्ये नसतं ते असं, की चौदाच्या पुढच्या चिनी माणसाचं डोयिन उघडलंत तर तिथेही नाच, कुत्री, सासू-सुनेची नाटकं आणि लिपस्टिक विकणारेच भेटतात. मुळात अमुक मूल चौदाच्या खालचं आहे हे अ‍ॅपला ठामपणे कळतं कसं? कारण तिथे सिमकार्ड खऱ्या नावावर, खातं त्या सिमवर, आणि नावाची खातरजमा सरकारी ओळखपत्रावर. १ जून २०१७ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षा कायद्यानं ही साखळी पक्की केली. टिकटॉकला अशी साखळी बहुतेक ठिकाणी नाही, तिथे जन्मसाल मूल स्वतः टाकतं. आणि मुलं काय टाकतात ते आपल्याला माहीत आहे.

माझं मत असं झालंय की ही अ‍ॅप्स जिथे चालतात तिथल्या कायद्याचं, पैशाच्या व्यवहाराचं आणि फोन नंबरांचं रूप घेतात. कंपनीचा हेतू वगैरे नंतर. पटत नसेल तर भांडा.

धोंडोपंत

भांडतो. कायदा कोणाचा? चिनी सरकारचा. कंपनी कोणाची? चिनी. मग घरच्या मुलांना लावलेला नियम बाहेरच्या मुलांना का नाही लावला? पैसा हवा म्हणून. म्हणजे मामा बरोबरच की.

कैरीपन्हं

@धोंडोपंत, पैसा हवा म्हणून हे शंभर टक्के मान्य. पण मग त्यात चिनी असण्याचा संबंध काय राहिला? इन्स्टाग्राम, यूट्यूब, स्नॅपचॅट यांनी तरी कुठे आपणहून मुलांना ४० मिनिटांवर हाकललं? ऑस्ट्रेलियाला त्यासाठी कायदा करावा लागला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळाखालच्या मुलांना खातंच नाही, आणि त्या यादीत टिकटॉकच्या शेजारी अमेरिकन कंपन्या बसल्यात. डोयिननंही काही पुण्य म्हणून नाही केलं. सरकारनं कान धरला म्हणून केलं. त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये अठराखालच्यांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ असा हुकूम निघाला होता. त्या लाटेतलंच हे.

कोडगा_प्रोग्रामर

कान धरण्यावरून. एप्रिल २०१८ आठवतंय का कोणाला? बाइटडान्सचं 'नेइहान दुआनझी' म्हणून विनोदी चुटक्यांचं एक अ‍ॅप होतं, प्रचंड चालणारं. सरकारनं ते 'असभ्य' म्हणून कायमचं बंद करायला लावलं. झांग यिमिंग यांनी जाहीर माफीनामा लिहिला आणि मजकूर तपासणारी माणसं ६,००० वरून १०,००० करू असं त्यात कबूल केलं. त्याच महिन्याअखेर डोयिननं पेप्पा पिग या डुकराच्या कार्टूनचे हजारो व्हिडिओ उडवले, कारण टवाळ पोरांनी तिला बंडखोरीचं प्रतीक करून ठेवलं होतं. डुक्कर! तीन वर्षांच्या मुलांचं!

हे सगळं होत असताना तीच कंपनी बाहेर टिकटॉक वाढवत होती. एका घरात हे आणि एका घरात ते. कंपनीला दोन अ‍ॅप्स वेगळी ठेवण्यातच शहाणपण होतं. एकच ठेवलं असतं तर एक तर बीजिंग रागावलं असतं किंवा बाकीचं जग पळालं असतं.

मालवणी_मसाला

पॉपकॉर्न घेऊन बसलंय. चालू द्या.

सुझौकर

धागा चांगला आहे, पण सगळी चर्चा टिकटॉकभोवती फिरतेय. चीनमध्ये राहणाऱ्याला विचाराल तर डोयिनशिवाय दिवस जातो, वीचॅटशिवाय तास जात नाही. आणि दोन जगांचा खरा सांधा तिथेच दिसतो, कारण तिथे अ‍ॅप एकच आहे.

वीचॅट म्हणजे गप्पांचं आणि पैशाचं अ‍ॅप, टेन्सेंट या चिनी कंपनीचं. जानेवारी २०११ मध्ये 'वेशिन' नावानं निघालं, पुढच्या वर्षी परदेशी नाव वीचॅट झालं. चिन्ह तेच, एकमेकांशी बोलताही येतं. पण तुम्ही खातं चीनच्या, म्हणजे +८६ च्या नंबरावर उघडलंत तर तुम्ही वेशिनचे, चिनी कायद्याखाली. +१ सारख्या बाहेरच्या नंबरावर उघडलंत तर वीचॅटचे, करार सिंगापूरच्या कंपनीशी. एकाच टेबलावर बसून एकाच ग्रुपमध्ये गप्पा मारणारी दोन माणसं दोन कायद्यांखाली असतात.

याचा परिणाम टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं २०१६ मध्ये तपासून दाखवला. चिनी नंबरावर उघडलेल्या खात्यांनाच शब्दांची गाळणी लागत होती. नंतर नंबर बदलून परदेशी केला तरी ती सुटत नव्हती. दोघांमधल्या गप्पांपेक्षा ग्रुपमध्ये जास्त शब्द अडत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अडवल्याची सूचनाही येत नव्हती. तुमच्या फोनवर निरोप गेलेला दिसतो, समोरच्याला तो पोचतच नाही. तुम्ही वाट बघत बसता, हा उत्तर का देत नाही म्हणून. २०२० मध्ये त्याच लोकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पूर्णपणे परदेशी खात्यांमध्ये फिरणारे फोटो आणि फाइलीही तपासल्या जातात, आणि त्यातून चिनी खात्यांसाठीच्या गाळणीची यादी वाढवली जाते.

आता रोजच्या वापरातलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून वीचॅटवर आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो निळ्या टिका नसल्याचा. निरोप वाचला की नाही कळत नाही. लास्ट सीन नाही, ऑनलाइन दिसणं नाही. वरिष्ठाचा निरोप रात्री वाचून सकाळी उत्तर दिलं तरी कोणाला पत्ता लागत नाही, हे सुख काही वेगळंच. दुसरं म्हणजे 'मोमेंट्स', वीचॅटमधलं मित्रांसाठी फोटो-पोस्टी टाकायचं पान. तुमच्या फोटोवर तुमच्या आत्यानं आणि तुमच्या बॉसनं लिहिलं, तर ते एकमेकांना दिसत नाही, जोवर ते दोघे स्वतः एकमेकांचे मित्र नाहीत. आपल्याकडे फेसबुकवर काकूंनी लिहिलेलं "बाळा बारीक झालास, जेवतोस ना" ऑफिसभर वाचलं जातं, ती भानगड नाही. आणि जुन्या पोस्टी तीन दिवसांनंतर सगळ्यांपासून झाकायची सोय आहे. माझे अर्धेअधिक चिनी सहकारी ती वापरतात.

एवढ्या पाळतीच्या देशातलं अ‍ॅप शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून मात्र फार चांगलं लपवतं. सरकारपासून नाही, एवढंच.

कैरीपन्हं

@सुझौकर, हे असं कोणीतरी लिहावं म्हणूनच धागा काढला होता. वीचॅटचं शेवटचं वाक्य जरा फिरवून माझ्या पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये घालणार आहे, हरकत नसावी.

डॉ_होतकरू

एमबीबीएससाठी चीनला गेलेल्यांपैकी मी एक (लातूर ते चीन व्हाया नीट 😅). आमच्याकडे वीचॅट म्हणजे कॉलेजच. वर्गाचा ग्रुप, वॉर्डनच्या नोटिसा, कँटीनचं कार्ड रिचार्ज, विजेचं बिल, सगळं त्यातच. मेस्सवाल्या काकूंना रोख नोट दिली की त्या असं बघायच्या जणू मी शिवकालीन होन काढून दिलाय.

पण खरी गंमत (आता गंमत म्हणतो) झाली ती कोविडमध्ये. २०२० च्या सुरुवातीला आम्ही सुट्टीला घरी आलो आणि चीननं सीमा बंद केल्या. पुढची दोनेक वर्षं ऑनलाइन क्लास. जूनमध्ये भारतानं वीचॅट बंद केलं. नोव्हेंबरमध्ये आणखी ४३ अ‍ॅप्स गेली, त्यात डिंगटॉक, म्हणजे आमचे क्लास चालायचे ते चिनी अ‍ॅप. म्हणजे कॉलेज चिनी अ‍ॅपवर शिकवतंय आणि विद्यार्थी ज्या देशात बसलेत तिथे ते अ‍ॅप बेकायदा. प्राध्यापकांना हे समजावून सांगताना भाषेची अडचण नव्हती. "सरकारनं बंद केलं" हे त्यांना कळतच होतं, त्यांच्याकडे तर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब सगळंच बंद. एक मॅडम म्हणाल्या, मग तुम्ही लोक व्हीपीएन वापरत नाही का?

वाचनखूण

वाचतेय. होन भारी 😂

धोंडोपंत

बंदीचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. आपल्या पंतप्रधानांचं २०१५ पासून वेइबोवर (चीनचं ट्विटरच म्हणा) खातं होतं. २०२० च्या बंदीत वेइबोही आलं, तेव्हा ते सोडायचं ठरलं. पण तिथे मोठ्या व्यक्तींचं खातं एका बटणात बंद होत नाही. म्हणून ११५ पैकी ११३ पोस्टी हातानं काढल्या. उरलेल्या दोन शी जिनपिंग यांच्यासोबतच्या फोटोंच्या होत्या, त्या काढणं अवघड गेलं अशी बातमी होती तेव्हा. हे अ‍ॅप भारतीयांसाठी वेगळं आणि चिन्यांसाठी वेगळं नव्हतं बघा, कैरीताई. तुमच्या सिद्धांताला अपवाद.

कैरीपन्हं

अपवाद कुठे? तेच तर सिद्ध झालं. वेइबो चीनमध्येच राहतं, त्यामुळे तिथे गेलेला कोणीही तिथल्या नियमात. परदेशी पंतप्रधान असला तरी.

हडसनकाठची_सून

मग माझं ऐका. माझी मुलगी (सोळा वर्षांची, पक्की जर्सीकर) जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉकवरून दुसऱ्या चिनी अ‍ॅपवर धावलेल्या गर्दीत होती. इथे अमेरिकेत कायदा झाला होता की बाइटडान्सनं टिकटॉक विकावं नाहीतर बंद करावं. १७ जानेवारीला सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला, १८ च्या रात्री टिकटॉक खरंच बंद पडलं, आणि दुसऱ्या दिवशी परत चालू झालं. त्या आधीच्या आठवड्यात पोरांनी काय करावं? रागारागानं शियाओहोंगशू उतरवून घेतलं! म्हणजे "चिनी अ‍ॅप नको म्हणता? घ्या, हे त्याहून चिनी." अमेरिकेच्या अ‍ॅप स्टोअरवर ते पहिल्या नंबरावर गेलं होतं.

गंमत अशी की शियाओहोंगशू (इथे त्याला रेडनोट म्हणतात) हे २०१३ चं शांघायचं अ‍ॅप, आणि त्याला बाहेरची वेगळी आवृत्ती नव्हतीच. डोयिन-टिकटॉकसारखी भिंत नाही. दार उघडलं तर थेट चिनी माजघरात. तिथल्या बायका मेकअप, प्रवास, स्वयंपाक यावर लिहीत असतात, त्यात ही इंग्रजी बोलणारी पोरं धडकली. चिनी लोकांनी प्रवेश फी म्हणून मांजराचा फोटो मागितला, त्याला 'कॅट टॅक्स' म्हणायचे. आमच्या शेजाऱ्यांच्या मांजराचा फोटो काढून हिनं कर भरला. मग चिनी मुलं इंग्रजीचा गृहपाठ तपासून मागू लागली. मोठी माणसं विचारत होती, अँब्युलन्सला खरंच एवढे पैसे लागतात का, दोन दोन नोकऱ्या करता हे खरं का. मी मागे उभी राहून वाचत होते. दोन्ही बाजूंना एकमेकांबद्दल जे सांगितलं गेलं होतं ते एका आठवड्यात तपासून झालं. कंपनीनं घाईघाईनं भाषांतराचं बटणही आणलं.

प्रत्येक पोस्टीखाली लिहिणारा कुठून लिहितोय ते दिसतं. मुलीच्या नावाखाली चिनी अक्षरांत 'अमेरिका' यायचं. तिला ते फार भारी वाटलं. मला नाही.

सुझौकर

@हडसनकाठची_सून, ते ठिकाण दाखवणं एप्रिल २०२२ पासून आहे. वेइबो, डोयिन, शियाओहोंगशू, सगळीकडे. चीनमधला असाल तर प्रांताचं नाव येतं, बाहेरचा असाल तर देशाचं. बंद करायची सोय नाही. हेतू सांगितला गेला तो अफवा रोखण्याचा. पण पहिल्याच दिवसांत पकडले गेले ते भलतेच लोक. परदेशात राहतो, तिथून अस्सल माल पाठवतो असं सांगून विकणारे कित्येक जण चीनमध्येच घरबसल्या निघाले. प्रांताप्रांतांतली जुनी उणीदुणीही निघाली. कुठल्याही वादात "अच्छा, तू हनानचा का, मग बरोबर" अशी उत्तरं येतात. आपल्याकडे प्रत्येक कमेंटखाली जिल्हा यायला लागला तर काय होईल याची कल्पना करा.

कोल्हापुरी_ठसका

कल्पना केली. पुणेकरांनी आधी पळावं.

पेठेतला_एकटा

आम्हाला जिल्हा लागत नाही, भाषेवरून कळतं.

संपादक मंडळ

जिल्ह्यांवरचे पुढचे प्रतिसाद काढून टाकले जातील. विषयावर बोला.

मालवणी_मसाला

बघा, इथेही गाळणी आहे 😄 पण सूचना तरी मिळते.

आता मी सिरियस बोलतंय. बंदीच्या आधी आमच्या गावात टिकटॉक म्हणजे काय होतं ते शहरातल्यांना कळणार नाही. इंग्रजी यायला नको, दिसायला बरं असायला नको, कॅमेरा चांगला नको. नांगरावर बसून, भातलावणी करताना, होडीत, एसटी स्टँडवर केलेले व्हिडिओ लाखांत जायचे. त्यांचंच 'हेलो' होतं, मराठीत सगळं. बंदी आल्यावर जुलै २०२० मध्येच इन्स्टानं भारतात रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू झाली. आपले मोज, जोशही आले. सगळं मिळालं, पण आमच्या वाडीतला जो गाजला होता तो परत नाही उठला. इन्स्टावर आधीच सुंदर माणसं बसली होती. तिथे तुझे फॉलोअर किती यावर सुरुवात, टिकटॉकवर शून्य फॉलोअरवाल्याचा व्हिडिओही अनोळखी शंभर जणांना दाखवून बघायचं. ते गणितच वेगळं.

कोडगा_प्रोग्रामर

@मालवणी_मसाला, नेमकं बोललात, आणि ते गणित दोन्हीकडे एकाच घराण्यातलं आहे. बाइटडान्सचं पहिलं गाजलेलं अ‍ॅप 'तौतियाओ', २०१२ चं, बातम्यांचं. मित्र कोण ते न विचारता तुम्ही कशावर किती थांबता ते बघून पुढचं दाखवायचं, हे तिथूनच आलं. म्हणून तर २८ ऑगस्ट २०२० ला, ट्रम्प सरकार टिकटॉक विकायला लावत असताना, चीननं निर्यातीवर बंधनं असलेल्या तंत्रज्ञानाच्या यादीत 'व्यक्तीनुसार शिफारस' घातली. अ‍ॅप विका, मेंदू विचारून विका.

आणखी एक, जे फॉरवर्डवाल्यांना कधीच माहीत नसतं. १ मार्च २०२२ पासून चीनमध्ये असा नियम आहे की वापरकर्त्याला ही शिफारस बंद करता आली पाहिजे. डोयिनच्या सेटिंगमध्ये तो खटका आहे. युरोपात टिकटॉकला तशी सोय डिजिटल सर्व्हिसेस कायद्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये द्यावी लागली. या एका बाबतीत बीजिंग ब्रुसेल्सच्या आधी पोचलं. अर्थात तो खटका किती लोक दाबतात हा प्रश्न वेगळा, आणि चिनी नियमात 'मुख्य प्रवाहातली मूल्यं' दाखवा असंही कलम आहे, ते युरोपात नाही.

एचआरवाली

उलट्या दिशेनं गेलेल्यांचं काय? बाहेरचं अ‍ॅप चीनमध्ये शिरलं तर? लिंक्डइननं केला होता प्रयोग. २०१४ मध्ये चिनी नावानं, तिथले नियम पाळून गेले. काही पत्रकारांची प्रोफाइलं चीनमध्ये दिसेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेत बोंब झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं. मग फक्त नोकऱ्यांच्या जाहिरातींचं, पोस्ट-कमेंट नसलेलं 'इनकरिअर' काढलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेही बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत.

मला मात्र वाटतं की लिंक्डइनमधून पोस्ट आणि कमेंट काढून टाकणं ही कल्पना वाईट नव्हती. कृपया हलकेच घ्या.

कैरीपन्हं

😂 सहमत.

खरेदीवर कोणीच बोललं नाही अजून, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. डोयिननं ऑक्टोबर २०२० पासून लाइव्हमध्ये बाहेरच्या दुकानांच्या लिंका बंद केल्या. बघायचं इथे, घ्यायचं इथे. जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचं डोयिन पे आलं. टिकटॉकला हे बाहेर जसंच्या तसं उभं करता आलं नाही. इंडोनेशियात टिकटॉक शॉप जोरात होतं, पण बाजारातले छोटे व्यापारी खवळले, सरकारनं सोशल मीडियावर थेट विक्रीला मनाई केली, आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला दुकान बंद. डिसेंबरमध्ये तिथल्या टोकोपीडियात मोठा हिस्सा घेऊन ते मागच्या दारानं परत आले. चीनमध्ये व्हिडिओ, दुकान आणि पाकीट एका छपराखाली गेलं. बाहेर प्रत्येक देशात बँका वेगळ्या, व्यापारी वेगळे, मंत्री वेगळे.

आपल्याकडे तर प्रश्नच आला नाही, टिकटॉक दुकान थाटायच्या आधीच गेलं. पण समजा राहिलं असतं, तरी वीचॅटसारखं एका अ‍ॅपच्या हातात पाकीट गेलं नसतं असं मला वाटतं. वीचॅट पे २०१३ चं. जानेवारी २०१४ मध्ये चिनी नववर्षाला लाल पाकिटातून पैसे पाठवायची टूम निघाली आणि लोकांनी धडाधड बँक खाती जोडली. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं, ते कोणा एका अ‍ॅपचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपलाही त्याच रांगेत उभं राहावं लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली ती सुरुवातीला २ कोटी लोकांपुरतीच. एवढा मोठा गप्पांचा अड्डा असूनही पैशात तो मागेच राहिला.

सुझौकर

एक दृश्य सांगतो. दुपारी जेवायला निघालो की माझी सहकारी डोयिन उघडते, पण व्हिडिओ बघायला नाही. जवळच्या हॉटपॉटवाल्यांची कुपनं तिथे असतात, 'दोघांसाठी सेट' वगैरे. लिफ्टमध्येच ती विकत घेते. काउंटरवर कोड दाखवला, पोरानं स्कॅन केला, संपलं. टेबलावर चिकटवलेला दुसरा कोड वीचॅटनं स्कॅन केला की मेनू तिथेच उघडतो. त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागत नाही, वीचॅटच्या पोटातलं छोटं अ‍ॅप असतं, जानेवारी २०१७ पासून. जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि कोविडमध्ये हीच छोटी अ‍ॅप्स आरोग्याचा हिरवा-लाल कोड दाखवायची. लाल आला की दारातूनच परत. सोय आणि फास एकाच खिशात. एप्रिल २०२२ मध्ये शांघायच्या लॉकडाऊनमधल्या लोकांच्या आवाजांचा एक व्हिडिओ फिरला, तो काढला की लोक उलटा करून, आडवा फिरवून परत टाकायचे. रात्रभर चाललं होतं. माझ्या मोमेंट्समध्ये एरवी फक्त नूडल्सचे फोटो टाकणारे लोकही त्यात होते. सकाळी बहुतेक ठिकाणी राखाडी चौकोन उरले होते.

धोंडोपंत

हे वाचून खरंच काटा आला. माझा मुद्दा मी सोडत नाही, कंपनी शेवटी सरकारच्या मुठीत आहे आणि उद्या टिकटॉकला सांगितलं की हे दाखव, ते दाब, तर नाही म्हणायची हिंमत आहे का? पण 'मुलांना विज्ञान, आपल्याला नाच' एवढं सोपं नाही हे पटलं.

कैरीपन्हं

तुमचा तो मुद्दा मी खोडत नाहीच आहे. ती भीती रास्त आहे, अमेरिकन कोर्टानंही तीच धरली. माझं भांडण फक्त नाचाच्या फॉरवर्डशी होतं.

यीवूवाला_शेठ

मंडळी, चर्चा फार वरची चालली आहे, आमचं कामाचं सांगा. खेळणी आणि इमिटेशनचा माल चीनमधल्या यीवूच्या घाऊक बाजारातून आणतो. आधी सगळे कारखानेवाले वीचॅटवर होते, बंदीनंतर तेच व्हीपीएन लावून व्हॉट्सअ‍ॅपवर आले, आमची काही अडचण नाही झाली. गरज त्यांना होती. आता बऱ्याच वर्षांनी स्वतः जाणार आहे. तिथे उतरल्यावर वीचॅट लागणारच. खातं भारतीय नंबरावर उघडू की तिथलं सिम घेऊन? आणि पैसे कसे द्यायचे? रोख चालते का?

सुझौकर

शेठ, रोख कायद्यानं नाकारता येत नाही, पण सुटे देताना समोरच्याचा चेहरा बघा. २०२३ पासून परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड वीचॅट आणि अलीपेला (तिथलं दुसरं पैशाचं अ‍ॅप) जोडता येतं. २०० युआनच्या आतल्या व्यवहाराला जादा काही लागत नाही, त्यावर ३ टक्के. दोन्ही अ‍ॅप्स जोडून ठेवा, एक अडलं तर दुसरं. निघण्याआधी बँकेला फोन करून कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि भारतीय सिमचं रोमिंग सुरू ठेवा, ओटीपी त्यावरच येणार.

भारतीय नंबर चालला तर खातं त्यावरच बरं. चिनी सिम परत आल्यावर बंद पडणार, मग तो नंबर दुसऱ्याला जाणार आणि तुमचं खातं लटकणार. नवीन खात्याला जुन्या वापरकर्त्यानं कोड स्कॅन करून हमी द्यावी लागते, तेव्हा तुमच्या एखाद्या कारखानेवाल्याला विमानतळावरूनच गाठा.

यीवूवाला_शेठ

झकास. आणि भाव, ऑर्डर त्यावरच पक्क्या केल्या तर चालेल ना?

सुझौकर

बोलणी करा, कागद नको. वीचॅटच्या गप्पा फोनमध्येच राहतात, फोन बदलला आणि हातानं हलवल्या नाहीत की गेल्या. वेळेत न उघडलेल्या फाइलीही नंतर उघडत नाहीत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बँकेचे तपशील ईमेलवर मागा. बँक खातं बदललंय असा निरोप वीचॅटवर आला तर आधी व्हिडिओ कॉल लावून माणूस बघा, मगच पैसे सोडा.

यीवूवाला_शेठ

ते आम्ही उल्हासनगरातही करतो 🙏